ऐकीव इतिहासाची खातरजमा कशी करावी

घराण्याच्या मेळाव्यात, यात्रेच्या स्मरणिकेत किंवा सकाळीच मोबाइलवर येऊन पडणाऱ्या संदेशात शिवकालाविषयी एखादे ठाम विधान समोर आले की बहुतेकजण मान डोलावतात, उरलेले वाद घालतात. विधान तपासण्याच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही. वास्तविक हे काम इतिहासाची पदवी नसलेल्या माणसालाही जमण्याजोगे आहे. त्यासाठी चांगले ग्रंथालय, एक वही आणि बराचसा सोशिकपणा लागतो, एवढे गृहीत धरून पुढे जातो. उदाहरण म्हणून शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचा जुना वाद घेतला आहे, कारण त्यातील दोन्ही बाजूंचे आधार छापील स्वरूपात कोणालाही पाहता येतात.

१. दावा एका वाक्यात लिहून काढा. कोणी, काय, कोठे आणि केव्हा, हे त्या वाक्यात बसत नसेल तर तपासण्यासारखे काही हाती आलेले नाही.

२. आधाराचे नाव मिळवा. ग्रंथ, खंड, पान किंवा लेखांक. ‘इतिहासात नमूद आहे’ आणि ‘जाणकारांचे मत आहे’ हे आधार नव्हेत. सांगणाऱ्या काकांना आदराने एकदा विचारा, दुसऱ्यांदा विचारा, आणि तरीही नाव मिळाले नाही तर वहीत ‘आधार दिलेला नाही’ असे लिहून थांबा.

३. आधार मोजू नका, त्यांची मुळे मोजा. सगळी अडचण या पायरीवर आहे. मलाही हीच पायरी सर्वांत जड गेली आणि हिच्याविषयीच सर्वांत निरुपयोगी सल्ले दिले जातात. ‘कोणतीही गोष्ट किमान तीन ठिकाणी पडताळून पाहा’ हा त्यांतला सर्वांत लोकप्रिय सल्ला. तीन पुस्तके एकच गोष्ट सांगत असतील आणि तिघांनीही ती एकाच चौथ्या पुस्तकातून उचलली असेल, तर साक्षीदार एकच असतो. एका विहिरीचे पाणी दहा घागरींत भरले म्हणून विहिरी दहा होत नाहीत.

जन्मतिथीच्या वादात हे स्पष्ट दिसते. महाराजांचा जन्म १६२७ सालचा, असे उत्तरकालीन बखरींत येते. साताऱ्यास राहून बखरी आणि कागद जमवणाऱ्या ग्रँट डफ या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या इतिहासात १६२७ हेच साल दिले, त्या इतिहासाचे लवकरच मराठीत भाषांतर झाले, आणि पुढे कित्येक पुस्तकांनी ते साल तेथून पुढे चालवले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एखाद्या वाचकाने दहा पुस्तके उघडली असती, तर बहुतेकांत त्याला १६२७ सापडले असते आणि ‘दहा ठिकाणी पडताळले’ असे तो प्रामाणिकपणे म्हणाला असता.

मग लोकमान्य टिळकांनी १९१६ साली जेधे शकावली प्रकाशित केली. मावळातील कारीच्या जेधे देशमुखांच्या घरी राहिलेल्या, वर्षवार नोंदींच्या या कागदात शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे इसवी सन १६३०, अशी जन्माची नोंद आहे. हा पुरावा एकटाच असता तर मी त्याला वजनदार म्हटले असते, निर्णायक म्हटले नसते, कारण शकावलीतही नकलेचे दोष असतात. परंतु महाराजांच्या हयातीत कवींद्र परमानंदाने रचलेल्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यात हीच तिथी आहे आणि राजस्थानात जोधपूर येथे सापडलेली कुंडलीही हाच काळ दाखवते. मावळातल्या देशमुखाच्या घरची नोंद, दरबारी कवीचे काव्य आणि दूरच्या प्रांतातल्या ज्योतिष्याचा कागद यांची भाषा वेगळी, हेतू वेगळे आणि कागद जपणारी माणसेही वेगळी आहेत. एकाने दुसऱ्याचे पाहून लिहिले असेल, असे मानायला काही कारण दिसत नाही. अशा तिघांचे जुळणे हे एका वंशातल्या दहा पुस्तकांच्या जुळण्यापेक्षा कितीतरी मोलाचे असते.

दोन लेखनांचा असा वंश ओळखायचा कसा? मूळ लेखकाने आधार दिला असेल तर काम सोपे असते. बहुधा तो दिलेला नसतो. अशा वेळी जुळणाऱ्या चुका शोधाव्यात. खरी गोष्ट दोघांना स्वतंत्रपणे कळू शकते, परंतु नेमकी तीच चूक दोघांनी स्वतंत्रपणे करणे फारच दुर्मीळ. मोडीत शब्द तोडून लिहिण्याची रीत नाही आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही पाळला जात नाही. त्यामुळे वाचणारा एखाद्या गावाचे नाव भलत्याच जागी तोडतो, पुढच्या शब्दाचे अक्षर गावाला चिकटवतो आणि नकाशावर नसलेले गाव छापून मोकळा होतो. तेच नसलेले गाव दुसऱ्या पुस्तकातही भेटले, तर त्या दोन पुस्तकांना एकच धरावे, मग दुसऱ्याच्या लेखकाने प्रस्तावनेत स्वतंत्र संशोधनाची कितीही ग्वाही दिलेली असो.

वर्तुळाकार आधार याहून फसवा असतो. आमच्या तालुक्यातील एका देवळात, मंदिर अमुक सरदाराने बांधल्याचा फलक आहे, आणि देवस्थानाच्या स्मरणिकेत ‘शिलालेखानुसार’ असे म्हणून तेच छापले आहे. फलक संगमरवरी असून त्यावरची अक्षरे सरळ छापखान्याच्या वळणाची आहेत; तो जीर्णोद्धाराच्या वेळी बसवला गेला आणि त्यावरचा मजकूर याच स्मरणिकेच्या आधीच्या आवृत्तीतून घेतला, असे तेथल्या पुजाऱ्यांनीच सांगितले. स्मरणिका फलकाकडे बोट दाखवते आणि फलक स्मरणिकेकडे! सरदाराने देऊळ बांधले नाही, असे यातून ठरत नाही. त्याने ते बांधले याला अद्याप एकही साक्षीदार मिळालेला नाही, इतकेच ठरते. हा फरक सुटला की तपासणाराही भोंगळ विधाने करू लागतो.

दुसरा अतिरेकही टाळावा. इतिहाससंशोधक विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी अस्सल कागदांचा आग्रह धरल्यापासून काही उत्साही लोक बखर म्हटली की नाक मुरडतात. कृष्णाजी अनंत सभासदाने दक्षिणेतल्या जिंजी किल्ल्यात बसून, महाराजांच्या निधनानंतर दोन दशकांच्या आत बखर लिहिली. तो त्या राज्यात वावरलेला माणूस होता. कारभाराची रीत, माणसांची नावे आणि लोकांच्या मनातली प्रतिमा यांसाठी ती वाचावीच, घटनांचा क्रम आणि तारखा मात्र तिच्या एकटीच्या भरवशावर सोडू नयेत. उलट अस्सल म्हणून मिरवणारा कागदही बनावट असू शकतो, कारण वतनाच्या भांडणांत खोट्या सनदा सर्रास तयार होत. महाराजांच्या राज्याभिषेकापासून वर्षे मोजणारा राज्याभिषेक शक १६७४ साली सुरू झाला, तेव्हा त्याआधीच्या घटनेच्या पत्राच्या मायन्यात, म्हणजे सुरुवातीच्या मजकुरात, तो शक दिसला, तर पुढचे वाचण्याचे कष्टही घेऊ नयेत.

४. तारखा एका पद्धतीत आणा. शालिवाहन शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो. घटना जानेवारी उजाडल्यानंतरची, म्हणजे साधारणतः पौष-माघापासून फाल्गुनापर्यंतची असेल तर ७९ मिळवावे. म्हणूनच शके १५५१ चा फाल्गुन १६३० मध्ये येतो. जुन्या मराठी कागदांत येणारा शुहूर सन असेल तर ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात, कारण ते वर्ष मृगाला बदलते. एवढे आकडेमोडीने होते. नेमक्या दिवसासाठी छापील जंत्री, म्हणजे तिथी-तारखांचे मेळ देणारे कोष्टक, उघडावी.

येथे एक इशारा देणे भाग आहे. त्या काळी इंग्रज जुन्या ज्युलियन पंचांगाने चालत आणि गोव्याचे पोर्तुगीज नव्या ग्रेगरियन पंचांगाने, आणि सतराव्या शतकात या दोहोंत दहा दिवसांचे अंतर होते. राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीख ज्युलियन आहे. ग्रेगरियन पद्धतीने तोच दिवस १६ जून ठरतो. इंग्रजांचे जुने वर्ष २५ मार्चला सुरू होत असल्यामुळे त्यांच्या कागदांत फेब्रुवारीतील घटना मागील सालात पडलेली दिसते. हे ठाऊक नसलेला माणूस ‘साधनांमध्ये विसंगती आहे’ असे जाहीर करून टाकतो. महाराष्ट्र शासन मानते ती १९ फेब्रुवारी १६३० ही जन्मतारीखही ज्युलियन असून, काही पुस्तकांत दिसणारा १ मार्च १६३० हा तोच दिवस आहे. तारीख की तिथी, हा जयंतीचा वाद निराळा. त्याचा पुराव्याशी संबंध नाही.

५. कोणावर विसंबायचे ते ठरवा. ‘स्वतः पाहिल्याशिवाय विश्वास ठेवू नका’ हा सल्ला ऐकायला बाणेदार आहे आणि पाळायला अशक्य. मोडी, फार्सी, पोर्तुगीज आणि राजस्थानी ही सगळी साधने स्वतः वाचणारा वाचक मला अद्याप भेटलेला नाही. फार्सी कागदांसाठी आपण ग. ह. खरे किंवा सेतुमाधवराव पगडी या अभ्यासकांवर विसंबतो, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. न्यायशास्त्राने शब्द, म्हणजे विश्वासू माणसाचे सांगणे, हे स्वतंत्र प्रमाण मानले आहे. न्यायसूत्रांवरील वात्स्यायनाच्या भाष्यात ज्याने गोष्ट साक्षात जाणली आहे आणि जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे तो आप्त, आणि हे लक्षण ऋषी, आर्य व म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू, असे म्हटले आहे. तेव्हा सुरतेच्या वखारीतला इंग्रज कारकून आपला नाही म्हणून खोटा ठरत नाही आणि आपल्या आळीतला वक्ता आपला म्हणून खरा ठरत नाही.

व्यवहारात मी दोन प्रश्न विचारतो. सांगणारा तेथे होता का, आणि असे सांगण्यात त्याचा काय लाभ होता? आग्ऱ्याहून सुटकेच्या प्रसंगाची जी पत्रे मिर्झाराजे जयसिंगाचा मुलगा रामसिंग याच्या माणसांनी आपल्या राजधानीत, आंबेरला, लिहिली, ती घटनास्थळावरची म्हणून अनमोल आहेत. परंतु महाराज निसटल्यावर रामसिंगावरच संशय आला होता, हे ध्यानात ठेवून त्यांतील पहाऱ्याविषयीचा मजकूर वाचावा. आजच्या संपादकाला पारखण्याची खूण याहून सोपी आहे. ‘येथे कागद फाटला आहे’, ‘हे अक्षर लागत नाही’ असे जो छापतो त्याच्यावर मी अधिक विसंबतो. ज्याच्या पुस्तकात एकही अक्षर अडलेले नाही, त्याने मोडी कागदांची रुमालात बांधलेली गाठोडी सोडून पाहिली असतील की नाही याचीच मला शंका येते.

६. निष्कर्ष पायरीने लिहा. निश्चित, बहुधा, शक्य, आधार सापडला नाही आणि खोटे, असे पाच खण करावेत आणि दावा त्यांपैकी एकात टाकावा. शेवटचे दोन खण एकमेकांत मिसळू नयेत. जन्मतिथी मी ‘बहुधा’च्या वरच्या टोकाला, ‘निश्चित’ला अगदी लागून ठेवतो आणि १६२७ ‘शक्य’मध्येही ठेवत नाही, देवळाचा सरदार चौथ्या खणात पडून आहे. प्रत्येक नोंदीपुढे ग्रंथाची आवृत्ती, पान आणि तपासल्याचा दिवस लिहावा, कारण पुढच्या आवृत्तीत पाने सरकतात आणि मग आपलेच टिपण आपल्याला पुन्हा शोधून काढता येत नाही.