फाटकापासून दारापर्यंत टिकाऊ डांबरी रस्ता कसा करावा

घराच्या आवारातला डांबरी रस्ता दोन-तीन वर्षांतच खचला किंवा उखडला, तर त्याचे कारण बहुतेक वेळा डांबराच्या खाली सापडते. पाया उथळ असतो, खडी नीट दाबलेली नसते आणि आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट नसते. म्हणून वेळेचा आणि खर्चाचा मोठा वाटा पायासाठी राखून ठेवावा; वरचे थर त्या मानाने लवकर उरकतात.

सुरुवात आखणीने करावी. खुंट्या ठोकून दोरी बांधावी आणि मोटारीसाठी किमान ३ मीटर रुंदी धरावी, म्हणजे दार उघडून उतरायलाही जागा राहते. जमिनीखालून पाण्याच्या, सांडपाण्याच्या किंवा विजेच्या वाहिन्या जात असतील, तर त्यांची जागा व खोली आधीच शोधून घ्यावी. पुढे कधी नवी केबल टाकावी लागेल असे वाटत असेल, तर आत्ताच एक रिकामा पाइप आडवा पुरून ठेवावा, कारण तयार रस्ता फोडून बुजवलेला चर पुन्हा पहिल्यासारखा एकजीव होत नाही. उतार घरापासून दूर जाणारा आणि दर मीटरला २ ते २.५ सेंटीमीटर असावा. रस्ता भिंतीला लागून असेल, तर त्याची अंतिम पातळी जोत्यातील ओलरोधक थराच्या किमान १५० मिमी खाली राहिली पाहिजे.

खोदाई साधारण २२५ मिमी खोल करावी. गवत, मुळे आणि सुपीक माती पूर्ण काढावी; मुळे आत राहिली तर ती कुजतात आणि वरचा भाग बसतो. पाय ठेवताच दबणारी मऊ जागा दिसली, तर ती आणखी खोल खणून खडीने भरावी. चिकणमाती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते, म्हणून अशा जमिनीत पायाची जाडी आणखी ७५ ते १०० मिमी वाढवावी आणि तळाशी जिओटेक्स्टाइल कापड अंथरावे. ते पाणी जाऊ देते, पण माती वर चढून खडीत मिसळू देत नाही. दोन्ही कडांना काँक्रीटमध्ये पक्के बसवलेले दगड किंवा तयार ठोकळे लावावेत. कडेला आधार नसला की चाकाच्या भाराने डांबर बाजूला सरकते आणि तिथूनच त्याचे तुकडे पडू लागतात.

पायासाठी एकाच आकाराची खडी घेऊ नये. सुमारे ४० मिमीच्या खडीपासून बारीक कचीपर्यंत सगळे आकार मिसळलेले असले, म्हणजे मोठ्या खड्यांमधील पोकळ्या बारीक कच भरून काढते. दाबून झाल्यावर १५० मिमी जाडी मिळायला हवी, पण ती एकदम टाकून दाबू नये, कारण यंत्राचा दाब तळापर्यंत पोहोचत नाही. दोन थर करावेत, प्रत्येक थर किंचित ओलसर करावा आणि व्हायब्रेटरी (थरथरणारा) रोलर किंवा प्लेट कॉम्पॅक्टर (सपाट तळाने ठोकून दाबणारे यंत्र) पुन्हा पुन्हा फिरवावा. खडीने भरलेली हातगाडी त्यावरून ढकलून पाहावी. चाकाची खूण उमटली, तर दबाई अपुरी आहे. उतारही याच टप्प्यावर लांब पट्टी आणि पाणसळ लावून तपासावा, कारण पायातला खळगा डांबराने झाकला तरी पुढे तिथेच पाणी साचते.

डांबरी मिश्रण स्वतः शिजवण्याच्या फंदात पडू नये. तापलेल्या डांबराने गंभीर भाजते आणि तापमान चुकले तर मालही वाया जातो. तयार गरम मिश्रण मागवावे, ते पसरायला पुरेशी माणसे हाताशी ठेवावीत आणि प्रत्येकाला जाड बूट व हातमोजे द्यावेत. खालचा थर २० मिमी खडीचा, दाबल्यावर ५० मिमी. वरचा थर ६ ते १० मिमी खडीचा, दाबल्यावर २५ मिमी. दाबलेल्या मिश्रणाचे वजन घनमीटरला सुमारे २.३ ते २.४ टन भरते, म्हणजे ३० चौरस मीटरच्या खालच्या थराला साधारण साडेतीन टन माल लागेल. सैल मिश्रण दाबल्यावर जवळपास पाचव्या हिश्शाने बसते, हे पसरताना लक्षात ठेवावे.

कोरडा दिवस निवडावा. मिश्रण दंताळ्याने पसरून लगेच रोलर फिरवावा. सुरुवात खालच्या कडेने करून वर सरकावे आणि रोलरच्या चाकाला मिश्रण चिकटू नये म्हणून चाक ओले ठेवावे. मिश्रण सुमारे ८० अंश सेल्सिअसच्या खाली उतरले की ते पुरेसे दबत नाही, म्हणून पातळ थराला फार थोडा वेळ मिळतो. दोन थरांमध्ये डांबरी इमल्शन, म्हणजे पाण्यात बारीक थेंबांच्या रूपात मिसळलेले डांबर, पातळ फवारावे. ते तपकिरी दिसते आणि त्यातले पाणी सुटले की काळे पडते. काळे झाल्याशिवाय वरचा थर टाकू नये.

निदान तीन दिवस गाडी आणू नये आणि पुढचे काही महिने, विशेषतः उन्हात, उभ्या गाडीचे स्टिअरिंग जागच्या जागी वळवू नये. दुचाकीच्या स्टँडखाली फळी ठेवावी. पेट्रोल किंवा डिझेल सांडले तर लगेच वाळू टाकून टिपून घ्यावे, कारण त्यात डांबर विरघळते. भेग दिसली तर ती झाडून, कोरडी करून डांबरी भरणाने लगेच बुजवावी. खड्डा पडलाच, तर त्याच्या कडा घट्ट भागापर्यंत सरळ कापून, आत इमल्शन लावून मगच नवे मिश्रण ठासावे.