कमी खर्चाचा व्हिडिओ प्रोटोटाइप : या चुका टाळा

ॲपचा एकही स्क्रीन कोडमध्ये उतरण्याआधी ते वापरताना कसं वाटेल, हे कागद, स्केचपेन आणि मोबाईलच्या कॅमेऱ्यावर एका दुपारीत दाखवता येतं. हाच व्हिडिओ प्रोटोटाइप. पण असे बरेच व्हिडिओ पाहताना जाहिरात पाहिल्यासारखं वाटतं, कारण अडचणीच्या जागा त्यांतून कापलेल्या असतात.

सगळ्यात महागात पडते ती वेळ कापण्याची चूक. बटण दाबलं की लगेच कट, आणि पुढचा स्क्रीन हजर! मग व्हिडिओ करायचाच कशाला? स्थिर चित्रांतून जे कळत नाही ते इथे कळायला हवं: मधला काळ. वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांनी सांगितलेल्या प्रतिसादाच्या वेळेच्या मर्यादा हाताशी ठेवा. ०.१ सेकंदात प्रतिसाद आला तर तो तत्काळ वाटतो, १ सेकंदापर्यंत विचारांची साखळी टिकते, १० सेकंदांनंतर लक्ष उडतं. दुकानात क्यूआर स्कॅन करून पैसे पाठवण्याचा प्रसंग असेल, तर ‘पेमेंट सुरू आहे’ हा स्क्रीन खरंच आठ सेकंद दिसू द्या. ग्राहक मोबाईलकडे पाहतोय, दुकानदार ग्राहकाकडे. त्या आठ सेकंदांत स्क्रीनवर काय लिहिलेलं असावं, हा प्रश्न तिथेच टीमसमोर उभा राहतो. पेमेंट अडकल्याचा प्रसंगही शूट करा. तो टाळलात तर अर्धं डिझाइन झालेलंच नाही.

दुसरी चूक, फ्रेममध्ये फक्त स्क्रीन. एका हातात पिशवी असताना अंगठा वरच्या कोपऱ्यातल्या बटणापर्यंत पोचतो का, हे माणूस दिसल्याशिवाय कसं कळणार?

एडिटिंगमध्ये दिवस घालवू नका. माणूस-संगणक संवादाच्या संशोधक वेंडी मॅके यांची पद्धत मला आजही सर्वांत उपयोगी वाटते: आधी स्टोरीबोर्ड (प्रसंगांची क्रमवार चित्रं), मग प्रसंग क्रमानेच शूट करायचे, आणि प्रत्येकाआधी कागदावर लिहिलेलं शीर्षक कॅमेऱ्यासमोर धरायचं. प्रसंग बिघडला तर त्या शीर्षकापासून पुन्हा. एडिटिंग कॅमेऱ्यातच होऊन जातं.

चित्रात काळे पट्टे सरकताना दिसतात? आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेचसे स्वस्त दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये (जिथे सेटिंग स्वतः ठरवता येतात) सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० सेकंद शटर ठेवा, किंवा सरळ खिडकीजवळ बसा. हात फ्रेममध्ये आला की उजेड कमी-जास्त होत असेल, तर फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा. कागदी स्क्रीन दर शॉटला हलतात? टेबलावर चिकटपट्टीने त्यांची जागा आखून घ्या. खऱ्या मोबाईलचा स्क्रीन शूट करताना लहरी उमटल्या, तर कॅमेऱ्याचा कोन थोडा बदलून पाहा.

जादू दाखवण्याचा मोहही आवरा. ॲपलच्या १९८७ सालच्या ‘नॉलेज नॅव्हिगेटर’ या भविष्यातला संगणक दाखवणाऱ्या व्हिडिओमध्ये बोललेलं सगळं सहज समजणारा डिजिटल मदतनीस होता. दूरचं स्वप्न म्हणून ते ठीक. पण पुढच्या तीन महिन्यांत जे बनवायचंय, त्याच्या व्हिडिओत आवाज ओळखताना होणारी चूकही दिसलीच पाहिजे.

दाखवताना पार्श्वसंगीत नको. ‘आवडलं का?’ असं विचारूही नका. लोक भिडेखातर हो म्हणतात. त्याऐवजी बटण दाबण्याच्या क्षणी व्हिडिओ थांबवा आणि विचारा, ‘आता काय होईल असं वाटतं?’ उत्तर जसंच्या तसं लिहून घ्या, मगच व्हिडिओ पुढे चालू करा.