डोनरची जनुकं आणि बाळंतपणातलं नैराश्य: या चुका टाळा

नागपुरात धंतोली-रामदासपेठेकडच्या वंध्यत्वाच्या दवाखान्यांत बाहेर बसलेल्या सासूबाईंना पडणारा प्रश्न असा: "अंडं देणारीच्या घरात कुणाला डिप्रेशन असलं, तर आमच्या सुनेलाही बाळंतपणात होईल का?"

काळजी खरी, पण रोख चुकीच्या बाईकडे. स्त्रीबीज डोनरचं, म्हणजे दुसऱ्या बाईने दिलेलं, असलं तरी पोटात बाळ वाढवणारीच्या मेंदूतली आणि थायरॉइडमधली जनुकं तिची स्वतःचीच असतात. डोनरची जनुकं बाळाकडे जातात. काटोल-वरुडच्या बागायतदाराला हे चटकन कळेल: जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात, फळ संत्र्याचं येतं, पण मूळ सडलं की तो खुंट आणि जमीन तपासतो. डोळा कुठल्या झाडाचा होता हे विचारत बसत नाही.

तेव्हा घराण्याचा इतिहास विचारायचा तो आईचा. तिला आधी कधी नैराश्य आलं होतं का? तिच्या आईला, बहिणीला बाळंतपणानंतर काय झालं? आपल्याकडे ही माहिती लग्नाच्या बोलणीत दडवली जाते आणि मग डॉक्टरपुढेही दडूनच राहते. माहेरी कुणाला बायपोलर आजार (कधी नैराश्य, कधी उन्माद) असेल तर ते सांगायलाच हवं, कारण अशा बाईला नुसत्या नैराश्याच्या गोळ्या दिल्या तर उन्माद उसळू शकतो.

डोनरचा वाटा अगदीच शून्य, असंही मानू नका. वार (प्लासेंटा) बाळाच्या बाजूने तयार होते, म्हणजे तिच्यात डोनरची जनुकं असतात. डोनरच्या बीजाने राहिलेल्या गर्भारपणात रक्तदाब वाढण्याचा, प्रीएक्लॅम्प्सियाचा (गर्भारपणातल्या रक्तदाबाच्या गंभीर आजाराचा) धोका जास्त दिसतो. अवघड बाळंतपण, मुदतीआधीचं बाळ, बाळाच्या काचपेटीबाहेर बसून काढलेले दिवस, याचा मनावर ताण येतोच. तो वाट वाकडी करून आलेला परिणाम आहे, डोनरच्या घरातलं नैराश्य आईत उतरणं नव्हे.

दुसरी चूक आकड्यांची. स्वीडनमधल्या जुळ्या बहिणींच्या 2016 च्या अभ्यासात बाळंतपणाच्या काळातल्या नैराश्याची आनुवंशिकता सुमारे 54 टक्के निघाली, सख्ख्या बहिणींत 44. याचा अर्थ "बहिणीला झालं तर मला 54 टक्के शक्यता" असा नाही. त्या लोकसंख्येत बायकाबायकांमध्ये जो फरक दिसतो, त्यातला किती भाग जनुकांतल्या फरकाशी जोडता येतो, एवढंच तो आकडा सांगतो. आणि तो स्वीडनचा आहे. जिथे बाळंतिणीच्या हाती पैसा नाही, मुलगी झाली म्हणून घर गप्प होतं, तिथे तो तसाच लागू करू नये.

जनुकचाचणीचं पॅकेज घ्यायचं का? नको. 2023 मध्ये बाळंतपणानंतरच्या नैराश्याच्या 17 हजारांहून जास्त रुग्णांच्या जनुकांचं एकत्र विश्लेषण झालं, तरी बोट ठेवता येईल असं एकही ठिकाण ठामपणे सापडलं नाही.

आता मेडिकल, मेयो किंवा एम्समध्ये या विषयावर प्रबंध करू पाहणाऱ्यांसाठी. डोनर-बीजाने आई झालेल्यांची तुलना डागा रुग्णालयातल्या सरसकट बाळंतिणींशी केली, तर फरक दिसेलच, पण तो जनुकांचा नसेल. पहिल्या गटात वय जास्त, उपचारांची वर्षं जास्त, जुळी जास्त, कर्ज जास्त, आणि बीज कुणाचं हे सासरी सांगितलेलं नसण्याचं ओझं वेगळंच. निदान स्वतःच्या बीजाने आयव्हीएफ (टेस्टट्यूब बाळाचा उपचार) केलेल्यांशी तरी तुलना करा. कार्डिफच्या संशोधकांनी 2009 मध्ये हीच युक्ती वापरली: आई आणि बाळाचं जनुकीय नातं असलेली आणि नसलेली आयव्हीएफ कुटुंबं शेजारी ठेवली. गरोदरपणात सिगारेट ओढणाऱ्यांच्या बाळांचं वजन दोन्ही गटांत कमी दिसलं, म्हणजे ते निव्वळ जनुकांचं देणं नव्हतं.

पाठपुरावा तुटण्याची जागा ठरलेली आहे. पहिलं बाळंतपण माहेरी. बाई सातव्या-आठव्या महिन्यात गोंदियाला नाहीतर छिंदवाड्याला जाते आणि तुमच्याकडे असतो नवऱ्याचा मोबाइल नंबर. नोंदणीच्या दिवशीच माहेरचा नंबर घ्या. नैराश्याची पहिली मोजणी गरोदरपणातच करा, नाहीतर आधीपासून असलेलं नैराश्य बाळंतपणाच्या खाती जमा होईल.

ही मोजणी करणाऱ्या एडिनबरा प्रश्नावलीत दहा प्रश्न आहेत, मागच्या सात दिवसांबद्दलचे. नवरा किंवा सासू शेजारी असेल तर ती भरून घेऊ नका. उत्तरं त्यांची येतील. गुण जास्त आले म्हणजे निदान झालं असं नाही, आणि एकूण गुण कमी असले तरी स्वतःला इजा करण्याबद्दलचा दहावा प्रश्न वेगळा बघायचा.

पहिल्या आठवड्यातलं रडू दोन आठवड्यांत ओसरतं. ओसरलं नाही तर डॉक्टर गाठा, रात्रीअपरात्री बोलायला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 आहे. झोपच लागत नाही, आवाज ऐकू येतात, बाळाबद्दल भलतंच काही बोलते आहे, अशा वेळी सव्वा महिना संपायची वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या.