ऑस्ट्रेलियात थीम पार्क चालवताना आणि वाढवताना

ऑस्ट्रेलियात थीम पार्कचं गणित अडतं ते गिऱ्हाइकांच्या संख्येपाशी. देशाची लोकसंख्या पावणेतीन कोटींच्या आसपास, आणि तीही किनाऱ्याकिनाऱ्याने हजारो किलोमीटर पसरलेली. पश्चिम किनाऱ्यावरच्या पर्थचं कुटुंब शनिवारी सकाळी उठून पूर्वेच्या क्वीन्सलँड राज्यातल्या गोल्ड कोस्टला जात नाही, कारण विमानानेच पाच तास लागतात. म्हणून पर्थचं अ‍ॅडव्हेंचर वर्ल्ड आपल्या शहरावर जगतं आणि हिवाळ्यात (तिथे जून ते ऑगस्ट) दारं बंद ठेवतं. गोल्ड कोस्टवर उलट स्थिती. सी वर्ल्ड, १९८१चं ड्रीमवर्ल्ड, १९८४चं वेट अँड वाइल्ड आणि १९९१चं मूव्ही वर्ल्ड ही सगळी एका दिवसात गाडीने पालथी घालता येतील इतक्या अंतरात आहेत. पर्यटक तिथे येतात, पण तेच पर्यटक सगळ्यांत वाटले जातात.

विस्ताराचा विचार करताना पहिला प्रश्न म्हणून हा विचारा: नवी राइड नवीन माणूस आणणार आहे, की आहे त्याच पासधारकाला पुन्हा एकदा आणणार आहे? वार्षिक पास स्वस्त केला की फाटकावरची गर्दी फुगते, पण माणशी उत्पन्न घसरतं. पासवाला आठव्या खेपेला येतो तेव्हा जेवण घरून करून येतो, पार्किंगची सवलत वापरतो आणि रांगेत मात्र पूर्ण तिकीटवाल्याइतकीच जागा घेतो. त्यामुळे गर्दीचा आकडा एकटा बघू नका. एकदिवसीय तिकीट, वार्षिक पास आणि परदेशी पर्यटक असे तीन वेगळे रकाने ठेवा, आणि प्रत्येकाचा आतला खर्च वेगळा मोजा. परदेशी रकाना रिकामा होऊ शकतो हे गृहीत धरूनच कर्ज काढा. २० मार्च २०२० ला देशाची सीमा बंद झाली ती पर्यटकांसाठी पूर्ण उघडायला २१ फेब्रुवारी २०२२ उजाडला. सिडनीचं वंडरलँड २००४ मध्ये बंद पडलं तेव्हाही मालकांनी आशियाई आर्थिक संकट, विमा कंपनी एचआयएच बुडणं, बाली स्फोट, सार्स अशी बाहेरच्या धक्क्यांचीच यादी दिली होती. आज त्या जागेवर गोदामं आहेत.

रोजची सकाळ

कायद्याचा पाया म्हणजे वर्क हेल्थ अँड सेफ्टी, म्हणजे कामाच्या जागच्या आरोग्य-सुरक्षेची नियमावली. व्हिक्टोरिया राज्य वेगळ्या कायद्याने चालतं, त्यामुळे तिथल्या मेलबर्नचा नियम क्वीन्सलँडच्या ब्रिस्बेनला लावू नका. तांत्रिक मानक म्हणजे राइडसाठीचं ऑस्ट्रेलियन मानक एएस ३५३३: पहिला भाग रचना आणि बांधणीचा, दुसरा चालवण्याचा आणि देखभालीचा, तिसरा चालू राइडच्या तपासणीचा. नियमावली दर दिवशी तीन गोष्टी मागते. राइड सुरू करण्याआधी तपासणी, प्रवाशांविना फेरी, आणि या दोन्हींची लॉगबुकात बिनचूक नोंद. शिवाय वर्षातून एकदा सक्षम व्यक्तीकडून पूर्ण तपासणी.

ऐकायला सोपं आहे. बिघडतं ते असं:

तपासणीचा कागद जुना होतो, राइड बदलते. मधल्या काळात एखादी पट्टी काढली गेली, सेन्सर हलवला गेला, कागदावर मात्र २० वर्षांपूर्वीचीच यादी. तंत्रज्ञ सवयीने खुणा करत जातो. उपाय म्हणजे प्रत्येक बदलाला क्रमांक द्या आणि तो क्रमांक तपासणीच्या यादीत आल्याशिवाय राइड सुरू करायची परवानगी देऊ नका.

दुसरं, रिकामी फेरी हलकी असते. थंड सकाळी चाकं कडक असतात आणि गाडी चढावर कमी पडून मागे येऊ शकते. दुपारी भरलेली गाडी ब्रेकवर जोरात येते. म्हणून रिकाम्या फेरीचा वेळ सेकंदात लिहा, हवेचं तापमान आणि वारा त्याच्या शेजारी. महिनाभराच्या नोंदी झाल्या की बेअरिंग जड होतंय हे आकड्यांतच दिसायला लागतं.

तिसरं, ‘दोष सापडला, रिसेट केलं, चालू’ अशी नोंद. ही सगळ्यांत धोकादायक ओळ. रिसेट म्हणजे दुरुस्ती नव्हे.

थंडर रिव्हर रॅपिड्सने शिकवलेलं

२५ ऑक्टोबर २०१६ ला ड्रीमवर्ल्डमध्ये थंडर रिव्हर रॅपिड्स या तराफ्यांच्या पाण्याच्या राइडवर चार जणांचा मृत्यू झाला. राइड १९८६ची. पाणी खेळवणाऱ्या दोन मोठ्या पंपांपैकी एक बंद पडला, पातळी झपाट्याने उतरली आणि एक तराफा सरकत्या पट्ट्याच्या टोकाशी रुळांवर टेकून अडकला. पट्टा चालूच होता. मागून आलेला तराफा त्यावर आदळून उचलला गेला. तोच पंप त्या दिवशी आधी दोनदा बंद पडला होता.

न्यायिक चौकशीचे निष्कर्ष फेब्रुवारी २०२० मध्ये आले, आणि पाण्याच्या राइड चालवणाऱ्या प्रत्येकाने ते मुळातून वाचावेत. पाणी उतरलं हे ओळखून सगळं आपोआप थांबवणारी यंत्रणा तिथे नव्हती, आणि ती बसवायला फार खर्च आला नसता. एका दाबात सारं थांबेल असं एकच बटण नव्हतं. पट्ट्याच्या बऱ्याच फळ्या पूर्वी काढल्या गेल्या होत्या, त्यामुळे मधली फट वाढली होती. तीस वर्षांत त्या राइडचा समग्र धोका-अभ्यास अभियंत्यांनी केलेला नव्हता. मालक कंपनीला ३६ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर दंड झाला.

आपल्या पार्कात यातून करायचं ते असं. प्रत्येक राइडसमोर उभं राहा आणि विचारा, वीज गेली, पंप गेला, हवेचा दाब गेला, एक गाडी मध्येच थांबली, तर पुढच्या दहा सेकंदांत काय होतं? उत्तरात ‘ऑपरेटर बघेल’ असं आलं की तिथे सेन्सर हवा. पाण्याच्या राइडला पातळीमापक लावा आणि तो थेट पट्ट्याच्या मोटरशी जोडा. दोन वेगळ्या जागी दोन मापक ठेवा, कारण एकात कचरा अडकतोच. आपत्कालीन बटण एकच, लाल, प्रत्येक कर्मचाऱ्याच्या हाताच्या अंतरावर, आणि ते दाबलं तर नेमकं काय थांबतं हे प्रत्येकाने स्वतः दाबून पाहिलेलं असावं. ऑपरेटरच्या डोक्यावर एका फेरीत किती कामं आहेत ती मोजा. प्रवासी बसवणं, त्यांना आसनात धरून ठेवणारे बार तपासणं, पातळी बघणं, कॅमेरे बघणं, सहकाऱ्याची खूण घेणं, हे सगळं एका मिनिटात बसवलं असेल तर त्यातलं काहीतरी रोज गळतंय असं समजा.

आणि थांबवण्याचा नियम आकड्यात लिहा. आमचं मत ठाम आहे: एकाच दिवसात तोच दोष दुसऱ्यांदा आला की राइड त्या दिवसापुरती बंद. ती पुन्हा उघडण्याची सही ड्यूटीवरच्या ऑपरेटरची नसावी, देखभाल अभियंत्याची असावी. गर्दीच्या दिवशी हा नियम मोडण्याचा मोह होतो, म्हणूनच तो आधी लिहून ठेवायचा.

या अपघातानंतर क्वीन्सलँडने २०१९ मध्ये नियम कडक केले. मोठ्या पार्कना परवाना आणि ‘सेफ्टी केस’ लागते: कुठकुठले मोठे अपघात होऊ शकतात, त्यांवर कोणते उपाय आहेत, ते उपाय पुरेसे आहेत हे कशावरून, आणि आपत्कालीन योजना. दहा वर्षांच्या टप्प्याची मोठी तपासणी वेगळी; तिच्यात रंग आणि गंज काढून, भाग सुटे करून महत्त्वाचे सांधे उघडे पाडायचे असतात. तिचे दिवस आणि पैसे आतापासून दरवर्षी थोडेथोडे बाजूला काढा, नाहीतर तीन मोठ्या राइड एकाच हिवाळ्यात उघड्या पडतात. क्वीन्सलँडमध्ये २०१७ पासून औद्योगिक मनुष्यवधाचा गुन्हाही आहे. वरिष्ठ अधिकाऱ्याला २० वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सेफ्टी केस सल्लागाराकडून लिहून घेऊन कपाटात ठेवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

माणसं आणि तारखा

बहुतेक कर्मचारी कॅज्युअल, म्हणजे कायम नसलेले, तासावर काम करणारे असतात. अम्यूझमेंट, इव्हेंट्स अँड रिक्रिएशन अवॉर्ड या क्षेत्राच्या किमान वेतन-नियमांखाली त्यांना मूळ दरावर २५ टक्के जास्त द्यावे लागतात, सार्वजनिक सुट्टीला दर आणखी चढतो, आणि नेमकी गर्दी सुट्टीलाच. १ जुलै २०२५ पासून सुपरॲन्युएशन, म्हणजे मालकाने भरायचा निवृत्तिनिधी, पगाराच्या १२ टक्के आहे. सोमवारी पावसात अर्धा पार्क रिकामा असेल तरी प्रत्येक राइडला ठरलेली माणसं लागतातच, त्यामुळे शांत दिवशी राइड आळीपाळीने उघडणं हा रास्त मार्ग. फक्त ते तिकीट विकण्याआधी सांगा.

राज्यांच्या शाळांच्या सुट्ट्या वेगवेगळ्या तारखांना येतात. क्वीन्सलँड, न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरियाची कॅलेंडरं शेजारी ठेवून मगच देखभालीचे आठवडे ठरवा. मे आणि ऑगस्ट बहुधा मोकळे सापडतात.

वेळेचा एक हिशेब रोज करा. वीस आसनांची गाडी दर ९० सेकंदांनी सुटली तर तासाला ८०० माणसं. तीच १२० सेकंदांवर गेली तर ६००. सुटण्यात अर्धा मिनिट गेला की पाव क्षमता गेली. हे अर्धं मिनिट बहुतेक वेळा बॅगा आणि सैल वस्तूंपायी जातं, बार तपासण्यापायी नाही. म्हणून बॅगा ठेवायची जागा वाढवा. बार तपासण्याचा वेळ कापू नका.

नवी राइड आणताना

मोठे रोलर कोस्टर परदेशातून येतात. मूव्ही वर्ल्डचा डीसी रायव्हल्स (२०१७) आणि ड्रीमवर्ल्डचा स्टील टायपन (२०२१) दोन्ही जर्मनीच्या माक कंपनीचे. किंमत युरोत ठरते, तिकीट डॉलरमध्ये विकलं जातं, त्यामुळे हप्त्यांच्या तारखा ठरल्या की विनिमय दरही त्या तारखांसाठी बांधून घ्या. युरोपीय कारखाना ईएन १३८१४ या युरोपीय मानकाप्रमाणे रचना करतो. इथे तिचं एएस ३५३३ आणि स्थानिक वाऱ्याच्या भाराशी पडताळण करावं लागतं, आणि पडताळणारा त्या रचनेत सामील नसलेला हवा. रचनेची नोंदणी वेगळी, प्रत्यक्ष राइडची वेगळी. दोन्ही अर्ज पाया खणण्याआधी सुरू झाले नाहीत तर उभं यंत्र कागदाची वाट बघत राहतं.

वेळापत्रक सगळ्यांत जास्त चुकतं ते बंदरावर. ब्राउन मार्मोरेटेड स्टिंक बग नावाचा किडा शेतीची नासाडी करतो, म्हणून १ सप्टेंबर ते ३० एप्रिल या काळात जर्मनी, इटली, स्वित्झर्लंडसारख्या देशांतून निघणाऱ्या लोखंडी मालावर उष्णतेची किंवा धुरीची प्रक्रिया सक्तीची असते. बंद कंटेनरवर ती ऑस्ट्रेलियात पोचल्यावरही करता येते. उघड्या कंटेनरमधून किंवा सुट्या मालाने आलेल्या नगांवर मात्र निघण्याआधीच झालेली असावी लागते, नाहीतर माल परत पाठवला जाऊ शकतो. कोस्टरचे वाकडेतिकडे रूळ बंद कंटेनरमध्ये मावतात कुठे! म्हणून करारात लिहून घ्या: प्रक्रिया कोण करणार, प्रमाणपत्र कुणाचं, आणि रंगाला धुरीने किंवा उष्णतेने धक्का लागला तर भरपाई कुणाची. लाकडी पेट्यांवर आयएसपीएम १५ चा, म्हणजे लाकूड कीडमुक्त केल्याच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा शिक्का आहे की नाही हे पाठवणीच्या फोटोतच तपासा. डिसेंबरच्या सुट्टीत राइड उघडायची असेल तर रूळ त्याच वर्षीच्या मे-जूनमध्ये निघाले तरी घाई होते. उन्हाळ्याची जाहिरात छापण्याआधी एक वर्ष हाताशी ठेवा. सी वर्ल्डचा लाकडी लेव्हायथन महासाथीत रखडून डिसेंबर २०२२ मध्ये उघडला.

आवाजाकडे उशिरा लक्ष जातं. सिडनीच्या लुना पार्कमध्ये १९९५ ला आलेला बिग डिपर शेजाऱ्यांच्या तक्रारींत अडकला, पार्कच बंद झालं, आणि तो कोस्टर पुढे २००१ मध्ये ड्रीमवर्ल्डला उभा राहिला. मोजताना चाकांचा आवाज मोजतात आणि किंकाळ्या विसरतात. पहिला उतार घरांच्या विरुद्ध दिशेला वळवा. पोकळ खांबांत आणि रुळांत वाळू भरली की गुणगुण बरीच बसते, पण वजन वाढतं, तेव्हा ते रचनेच्या टप्प्यावरच ठरवा.

विम्याचं पत्र आधी, राइडची ऑर्डर नंतर. २०२१ च्या सुमारास लहान पार्क आणि जत्रेतल्या पाळणेवाल्यांना सार्वजनिक दायित्वाचा विमा मिळेनासा झाला होता, आणि त्यांची संघटना आलारा परस्पर निधीची, म्हणजे सदस्यांनीच मिळून नुकसान भरून देण्याच्या निधीची मागणी करत होती. विमावाल्याला दाखवायला पाच वर्षांचं लॉगबुक, वार्षिक तपासणीचे अहवाल आणि किरकोळ इजांची नोंद एका फाइलमध्ये तयार ठेवा. किरकोळ इजा लपवलेली फाइल त्यांना लगेच ओळखू येते.

जुनी राइड काढताना प्रत्येक नगावर सुटं करण्याआधी धातूची पट्टी ठोका, रंगाने लिहिलेलं समुद्री हवेत सहा महिन्यांत जातं. लॉगबुक राइडबरोबर द्या आणि नियामकाकडची नोंदणी रद्द करून त्याची पोच घ्या.