सोसायटीची सौर वीज साठवताना: आधी टाकी, मग बॅटरी

गच्चीवर सोलर बसवलं की पहिला प्रश्न येतो तो भर दुपारी. लख्ख ऊन असतं, वीज जाते आणि लिफ्टही थांबते. यात बिघाड काही नाही. ग्रिडला जोडलेला साधा इन्व्हर्टर लाइन गेली की मुद्दाम बंद होतो, नाहीतर दुरुस्तीला आलेल्या वायरमनला तुमच्या गच्चीवरून शॉक बसेल. नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे जादा सौर वीज ग्रिडला देऊन बिलातून वळती करून घेताना, महावितरणकडे जमा होणारे युनिट म्हणजे फक्त वहीतला हिशेब. वीज गेल्यावर त्याचा उपयोग शून्य.

वीज पाण्यातही साठवता येते. शहापूर तालुक्यातल्या चोंढ्याजवळ घाटघरचा २५० मेगावॉटचा प्रकल्प आहे. मागणी कमी असताना पाणी घाटावर चढवायचं आणि मागणी वाढली की खाली सोडून वीज घ्यायची, असं त्याचं काम. सोसायटीच्या टाकीतून अशी वीज काढण्याच्या फंदात पडू नका: ३० मीटर उंचीवरच्या १२,००० लिटर पाण्यात जेमतेम एक युनिट असतं. पण उलट बाजूने हिशेब करा. ५०,००० लिटर वर चढवायला पंप-मोटारीची घट धरून साधारण ८ युनिट जातात. ५ एचपीचा पंप हे काम दोन तासांत करतो. ते दोन तास सकाळी सहाऐवजी दुपारी बाराला आणले, तर ८ युनिटची बॅटरी विकत घ्यावी लागत नाही.

त्यासाठी पंपाच्या पॅनेलमध्ये टायमर बसवा, पण स्वतःचा बॅकअप सेल असलेलाच. नाहीतर वीज गेली की घड्याळ मागे पडतं आणि महिन्याभरात पंप संध्याकाळी चालू लागतो. टायमरच्या सिरीजमध्ये दोन्ही टाक्यांचे लेव्हल स्विच हवेतच. खालची टाकी रिकामी असताना पंप कोरडा फिरला तर सील जळतं. वरची टाकी दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंत पुरत नसेल, तर पहाटे अर्ध्या तासाचा जादा फेरा ठेवा. सकाळी सातला नळ कोरडे पडले, तर तुमची सौर योजना पुढच्या सर्वसाधारण सभेत टिकणार नाही.

आता बॅटरी. वीज गेल्यावर काय चालू राहायला हवं, तेवढंच लिहून काढा. जिन्याचे दिवे, सीसीटीव्ही, गेट मिळून ३३० वॉट धरले तर चार तासांचे १.३ युनिट. लिफ्टला सबमीटर लावून आठवडाभर मोजा. तासाला १ युनिट निघालं तर चार तासांचे ४. एकूण ५.३. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ८० टक्केच वापरायची आणि इन्व्हर्टरमध्ये १० टक्के जातात, म्हणून ०.७२ ने भागा: ७.४ युनिट. ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासाचे दोन पॅक घेतले की १०.२ होतात. ट्यूब्युलर (लेड-ॲसिड) बॅटऱ्या स्वस्त खऱ्या, पण निम्म्याच वापरता येतात, पाणी घालत बसावं लागतं आणि चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, लिफ्टसाठी नकोच.

युनिट पुरले म्हणजे काम झालं असं नाही. ५.५ किलोवॉटची लिफ्ट बॅटरीतून सुमारे १२० अँपिअर ओढते, आणि मोटार थेट सुरू होत असेल तर क्षणभर त्याच्या कित्येक पट. मग पॅकमधला बीएमएस (बॅटरीवर नजर ठेवणारं सर्किट) संरक्षणासाठी पुरवठा तोडतो, आणि सगळे बॅटरीला दोष देतात. उपाय लिफ्टच्या पॅनेलमध्ये आहे: मोटारीला हळूहळू वेग देणारा व्हीएफडी ड्राइव्ह. इन्व्हर्टर थ्री-फेज हायब्रिड (सोलर, बॅटरी आणि ग्रिड तिन्ही सांभाळणारा), ८ किलोवॉटचा घ्या आणि एका फेजवर किती भार चालतो ते माहितीपत्रकात बघा. जुना इन्व्हर्टर बदलणार असाल, तर महावितरणला आधी कळवा.

जोडणी करताना:

१. दोन्ही पॅक आधी वेगवेगळे पूर्ण चार्ज करा, मगच समांतर जोडा. व्होल्टेजमध्ये फरक असेल तर जोडताच एकातून दुसऱ्यात मोठा करंट धावतो.

२. केबल्स समान लांबीच्या, ५० चौ. मिमी तांब्याच्या. प्लस एका पॅकवरून, मायनस दुसऱ्यावरून काढा.

३. प्रत्येक पॅकला डीसी फ्यूज. घरगुती एसी एमसीबी चालणार नाही. डीसीची ठिणगी त्यात विझत नाही.

४. इन्व्हर्टरमध्ये बॅटरीचा प्रकार लिथियम निवडा. चार्ज ५६ व्होल्टच्या आसपास, कटऑफ ४८. प्रकार लेड-ॲसिडवर राहिला तर इक्वलायझेशनच्या (लेड-ॲसिडला अधूनमधून द्यायच्या जादा चार्जच्या) जास्त व्होल्टेजवर बीएमएस ट्रिप होत राहतो.

५. बॅकअपच्या सर्किटांचा न्यूट्रल वेगळा काढा. बाकीच्या न्यूट्रलमध्ये मिसळला की आरसीसीबी (करंटची गळती दिसली की पडणारा स्विच) विनाकारण पडतो.

६. जनरेटर असेल तर इंटरलॉक असलेला चेंजओव्हर. दोन्ही एकाच वेळी कधीही जोडायचे नाहीत.

जागेत सर्वाधिक चुका होतात. २६ जुलै २००५ चा पूर पाहिलेल्या मुंबई परिसरात बॅटरी तळघरात किंवा जमिनीलगतच्या मीटररूममध्ये ठेवू नये. गच्चीवरची पत्र्याची खोलीही नको. मे महिन्यात आत ४५ अंशांच्या वर जातं आणि बॅटरीतल्या सेलचं आयुष्य झपाट्याने घटतं. जिन्याच्या वाटेत तर अजिबात नाही, आग लागली तर सुटकेचा रस्ता तोच. पहिल्या मजल्यावरची, हवा खेळती असलेली सोसायटी ऑफिसची बाजू बरी. वाशी, ऐरोली, कोपरखैरणे अशा खाडीलगतच्या भागात केबलच्या टोकाचे लग्ज कथिल चढवलेले घ्या आणि दर पावसाळ्याआधी बोल्ट पुन्हा आवळा.

उन्हाळ्यात १० किलोवॉटचं सोलर दिवसाला ४० युनिटच्या आसपास देतं. जुलैत ढग दाटले की निम्म्यावर येतं. तेव्हा पावसाळ्यात इन्व्हर्टरला बॅटरीचा किमान साठा ५० टक्क्यांवर लावून ठेवा आणि महिन्यातून एकदा मेन स्विच पाडून, लिफ्ट रिकामी ठेवून दोन फेऱ्या मारून बघा.