बगॅसपासून इथेनॉल: उतारा कमी येत असेल तर या चुका टाळा

उतारा, म्हणजे टनामागे मिळणारे इथेनॉल, घसरला की पहिला ठपका साखरेचे इथेनॉल करणाऱ्या यीस्टवर येतो. जात बदला, युरिया वाढवा, डोस दुप्पट करा. मळीच्या डिस्टिलरीत यातले काही लागू पडतेही, कारण तिथे साखर आयती हाताशी असते. बगॅस (रस काढल्यावर उरलेला उसाचा चोथा), पाचट, भाताचा पेंढा किंवा कापसाच्या पऱ्हाट्या यांच्यातून मात्र साखर आधी सोडवून घ्यावी लागते. तूट बहुतेक वेळा तिथेच, फर्मेंटरच्या (साखर आंबवण्याच्या टाकीच्या) दोन पायऱ्या आधी पडलेली असते. फर्मेंटरमध्ये ती फक्त दिसते.

म्हणून काहीही बदलण्याआधी टप्प्याटप्प्याचा हिशेब मांडा. समजा, १ टन कोरड्या बगॅसमध्ये ४०० किलो सेल्युलोज आणि २२० किलो झायलान आहे; दोन्ही म्हणजे साखरेच्या रेणूंच्या लांब साखळ्या. पाण्याचा रेणू जोडला जाऊन त्यातून ४४४ किलो ग्लुकोज आणि २५० किलो झायलोज मिळू शकते. १ किलो साखरेतून जास्तीत जास्त ०.५११ किलो इथेनॉल निघते, म्हणजे कागदावरची कमाल सुमारे ४५० लिटर. आता प्रत्यक्षात या: पूर्वप्रक्रियेत (माल शिजवून मोकळा करण्यात) ९५ टक्के सेल्युलोज टिकले, एन्झाइमने (साखळी तोडणाऱ्या प्रथिनाने) त्यातले ८० टक्के फोडले, यीस्टने ९० टक्के साधले आणि झायलोज वाया गेले. हाती येतात जेमतेम १९७ लिटर. तिन्ही आकडे सुटे पाहिले तर कुणाचीच तक्रार नसते, पण गुणाकारात आणि झायलोजपायी मिळून निम्म्याहून अधिक इथेनॉल गेलेले असते. ‘आमची कार्यक्षमता ९० टक्के’ असे कुणी म्हटले, तर कोणत्या टप्प्याची, हे आधी विचारावे.

तुलनेसाठी इंडियन ऑइलचा पानिपतचा प्रकल्प पाहता येईल. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचे तंत्रज्ञान वापरणाऱ्या या प्रकल्पाचे लोकार्पण १० ऑगस्ट २०२२ रोजी झाले. तेव्हा वर्षाला सुमारे २ लाख टन पेंढा आणि त्यातून सुमारे ३ कोटी लिटर इथेनॉल असे लक्ष्य सांगितले होते. म्हणजे टनाला १५० लिटर. प्रयोगशाळेत टनाला ४०० लिटरचा आकडा येत असेल, तर आनंद मानण्याआधी हिशेब पुन्हा तपासा.

मालाचे वजन आणि माती

गिरणीतून निघालेल्या बगॅसमध्ये जवळजवळ निम्मे पाणी असते. ओल्या वजनावर आम्ल आणि एन्झाइमचे प्रमाण धरले, तर पावसाळ्यातली आणि उन्हाळ्यातली बॅच कधीच जुळणार नाही. प्रत्येक लॉटचा ओलावा मोजा. शेतातून गोळा केलेल्या पाचटाबरोबर मातीही येते. आपल्याकडच्या काळ्या मातीत बहुधा चुनखडी असते आणि ती पूर्वप्रक्रियेतले आम्ल खाऊन टाकते. डोस तोच ठेवूनही एखादी बॅच कच्ची राहते, त्यामागे अनेकदा हेच कारण असते. राखेचे प्रमाण पाहिले की उलगडा होतो.

शिजवण्यातली गफलत

शिजवणे म्हणजेच पूर्वप्रक्रिया. सगळ्यात जास्त नुकसान इथे होते, त्यामुळे सगळ्यात जास्त लक्षही इथेच हवे. कमी शिजले तर एन्झाइमला धाग्याच्या आत शिरता येत नाही. जास्त शिजले तर झायलोजचे फरफ्युरल होते, ग्लुकोजचे हायड्रॉक्सिमिथाइल फरफ्युरल होते. म्हणजे साखर जाते ती जातेच, वर यीस्टला मारक द्रव्य तयार होते. झाकण उघडल्यावर कडू बदामासारखा उग्र वास आला आणि रस्सा काळपट दिसला, तर यंत्राच्या रिपोर्टची वाट न पाहता तापमानाचा आलेख काढून बघा.

तापमान आणि वेळ सुटे सुटे बदलणे ही नेहमीची चूक. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढवले की वेळ साधारण निम्मा करावा लागतो. १९० अंशांना १० मिनिटे म्हणजे २०० अंशांना सुमारे ५ मिनिटे. रिअ‍ॅक्टर तापायला आणि निवायला लागणारा वेळही यात धरायला हवा. छोट्या ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेच्या दाबाखाली तापवायच्या भांड्यात) तो मुख्य वेळेपेक्षा जास्त भरतो, आणि मग ‘तीच पद्धत’ मोठ्या रिअ‍ॅक्टरवर वेगळाच निकाल देते.

यानंतरची चूक फार साधी दिसते. आम्लाने शिजवलेला लगदा सोड्याने किंवा चुन्याने उदासीन करतात, मीटर ५.० दाखवतो आणि लगेच एन्झाइम टाकले जाते. पण आम्ल धाग्यांच्या पोटात मुरलेले असते. ते हळूहळू बाहेर येते आणि दोन तासांत पीएच ४.३ वर उतरतो. ट्रायकोडर्मा या बुरशीपासून मिळणाऱ्या सेल्युलेजला (सेल्युलोज फोडणाऱ्या एन्झाइमला) ४.८ ते ५.० लागतो. लगदा ढवळत अर्धा तास ठेवा, पुन्हा मोजा, पुन्हा दुरुस्त करा. दोन मापे सारखी येईपर्यंत एन्झाइमची बाटली उघडू नका.

आणि शिजवलेला लगदा ओव्हनमध्ये वाळवू नका. वाळताना धाग्यांमधली सूक्ष्म छिद्रे मिटतात आणि पुन्हा भिजवूनही पूर्ण उघडत नाहीत. शिजवण्यासाठी खर्च केलेली वाफ अशी फुकट जाते. ओलावा मोजायला चिमूटभर नमुना वेगळा काढा, बाकीचा ओलाच झाकून थंड जागी ठेवा.

एन्झाइम आणि घट्टपणा

एन्झाइमचा डोस लगद्याच्या वजनावर नाही, त्यातल्या सेल्युलोजच्या वजनावर ठरवा. ५० अंशांवर ते उत्तम चालते, त्याच्या बरेच वर गेल्यास हळूहळू निकामी होते. नव्या मिश्रणांत सेल्युलोजचे ऑक्सिडीकरण करून साखळी तोडणारी एन्झाइमे असतात, त्यांना थोडी हवा लागते. टाकी नायट्रोजनने भरून ठेवली तर त्यांचे काम थांबते.

फ्लास्कमध्ये ५ टक्के घन पदार्थांवर केलेला प्रयोग दिसतो सुंदर, पण त्यातून जेमतेम सव्वा टक्का इथेनॉल मिळते. इतक्या पातळ वॉशला (आंबवलेल्या द्रवाला) उकळायला जी वाफ लागते, तिच्यात सगळी कमाई जाते. ४ टक्क्यांच्या वर जायचे तर १५ ते २० टक्के घन पदार्थ हवेत. ते एकदम टाकले तर गोळा होतो आणि पंखा नुसताच फिरतो. दोन-तीन हप्त्यांत टाका, आधीचा लगदा पातळ झाला की पुढचा.

घट्ट लगद्यात मापनाचीही एक चूक लपलेली असते. गाळलेल्या द्रवातली साखर ग्रॅम प्रति लिटर मोजून तिला टाकीच्या संपूर्ण आकारमानाने गुणतात. पण त्या आकारमानात न विरघळलेले घनही असतात. त्यामुळे रूपांतर प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसते, आणि पुढे इथेनॉल कमी निघाले की दोष यीस्टच्या माथी येतो.

आता यीस्ट

लगद्यातले अ‍ॅसिटिक आम्ल कमी पीएचला जास्त घातक ठरते, कारण तेव्हा ते पेशीच्या आत शिरते. फर्मेंटरचा पीएच ५.५ च्या आसपास ठेवला की यीस्टला बराच दिलासा मिळतो. मात्र तिथे लॅक्टिक आम्लाचे जिवाणूही खूश असतात. त्यामुळे पाइपांचे सांधे, पंप आणि नमुना काढण्याचे नळ वाफेने साफ ठेवा. लॅक्टिक आम्ल वाढताना दिसले तर यीस्टचा डोस वाढवून उपयोग नाही, आधी घाण शोधा. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये थंड पाणीच कोमट येते, म्हणून फर्मेंटरच्या तापमानाचा रात्रीचा नव्हे, दुपारी तीनचा आकडा बघा.

फ्लास्कच्या प्रयोगात एक स्वस्त तपासणी आहे. वायू बाहेर जाईल पण पाणी उडणार नाही अशी व्यवस्था करून फ्लास्कचे वजन घेत राहा. घटलेले वजन म्हणजे कार्बन डायऑक्साइड. त्याला १.०५ ने गुणले की इथेनॉलचा अंदाज मिळतो. क्रोमॅटोग्राफचा (इथेनॉल मोजणाऱ्या यंत्राचा) आकडा याच्याशी जुळत नसेल, तर नमुना घेताना किंवा साठवताना गळती आहे.

राहिला झायलोजचा प्रश्न. वरच्या हिशेबात तो टनाला १६२ लिटरचा आहे, पण साधे बेकरी यीस्ट झायलोज खात नाही. त्यासाठी जनुकीय बदल केलेले किंवा शेफरसोमायसिस स्टिपिटिससारखे यीस्ट लागते, आणि तेही ग्लुकोज संपल्याशिवाय झायलोजकडे सहसा वळत नाही. म्हणून वायू मंदावला की बॅच संपली असे समजून ती आसवनाला पाठवू नका. आधी झायलोज मोजा. ते शिल्लक असेल आणि उतरत असेल, तर फर्मेंटर आणखी काही तास चालू ठेवा.