क्रीडा प्रशिक्षक होताना: शिट्टी हातात घेण्यापूर्वी

साताऱ्याच्या शाहू स्टेडियमवर पहाटे धावायला येणाऱ्या मुलांपैकी दर वर्षी दोन-तीन जण माझ्याजवळ थांबून एकच प्रश्न विचारतात: "सर, कोच व्हायचं तर काय करावं लागतं?" त्यांच्यापैकी बहुतेकांची स्वतःची वाटचाल विभागीय किंवा राज्य स्पर्धेपाशी थांबलेली असते, पोलीस भरतीचे एक-दोन प्रयत्न झालेले असतात आणि मैदान सुटू नये एवढी इच्छा उरलेली असते. इच्छा चांगलीच आहे. परंतु खेळता येणे आणि खेळवता येणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि पहिले येते म्हणून दुसरे आपोआप येईल या समजुतीचे नुकसान बहुधा त्या तरुणाला नव्हे, तर त्याच्या हाताखाली आलेल्या पहिल्या तुकडीतील मुलांना सोसावे लागते. माझ्याही पहिल्या तुकडीने ते सोसले आहे. त्याविषयी पुढे लिहितो.

आधी प्रशिक्षण कोठे द्यायचे ते ठरवावे, कारण शिक्षणाची वाट त्यावरून ठरते. शाळेत किंवा महाविद्यालयात शारीरिक शिक्षणाचा शिक्षक होऊन संघ घडवायचे असतील, तर कोणत्याही शाखेच्या पदवीनंतरचा दोन वर्षांचा बी.पी.एड. अभ्यासक्रम करावा लागतो आणि वरच्या पदांसाठी त्यापुढे एम.पी.एड. करावे लागते. मात्र बी.पी.एड. हे शिक्षकाचे शिक्षण आहे. त्यात अनेक खेळांची ओळख होते, पाठ घेण्याची सवय लागते, मैदानाची आखणी आणि स्पर्धेचे नियोजन शिकायला मिळते. एका खेळात खोल उतरणे त्यात अपेक्षितच नसते. एकाच खेळाचा प्रशिक्षक म्हणून उभे राहायचे असेल, शासकीय क्रीडा मार्गदर्शकाच्या पदासाठी अर्ज करायचा असेल किंवा एखाद्या प्रबोधिनीत काम करायचे असेल, तर पतियाळा येथील नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका अधिक उपयोगी पडते. आपल्याकडे तिला सरसकट 'एन.आय.एस.' म्हणतात. ही संस्था १९६१ साली पतियाळाच्या राजघराण्याच्या मोतीबाग राजवाड्यात सुरू झाली. पदविकेच्या अभ्यासात निवडलेल्या खेळाच्या तंत्राबरोबर शरीरक्रियाशास्त्र, जैवयांत्रिकी (शरीराच्या हालचालींमागील यंत्रशास्त्र), क्रीडा मानसशास्त्र आणि प्रशिक्षणशास्त्र हे विषय असतात, आणि प्रत्यक्ष मैदानावर पाठ घेऊन दाखवावा लागतो.

प्रवेशासाठी पदवी आणि आपल्या खेळातील ठरावीक पातळीवरचा सहभाग किंवा यश लागते. त्या वर्षीच्या माहितीपत्रकातील वयाची, शिक्षणाची आणि प्रमाणपत्रांची अट शब्दशः वाचावी. कोणी तरी सांगितले म्हणून अर्ज भरू नये. येथेच आपल्या भागातील अनेकांची अडचण होते. राज्य किंवा राष्ट्रीय स्पर्धेचे, आंतरविद्यापीठ स्पर्धेचे प्रमाणपत्र कपाटात कोठे तरी असते, त्यावरील नाव आधार कार्डावरील नावाशी जुळत नसते, किंवा ती स्पर्धा मान्यताप्राप्त संघटनेची नव्हती हे दहा वर्षांनी कळते. म्हणून खेळत असतानाच प्रत्येक प्रमाणपत्राची साक्षांकित प्रत काढून ठेवावी. याच संस्थेचा सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रमही आहे. नोकरी सांभाळणाऱ्या शिक्षकाला किंवा गावातील मंडळात शिकवणाऱ्याला तो उत्तम आहे. परंतु तो पदविकेच्या तोडीचा मानून नोकरीच्या आशेवर बसणे योग्य नाही. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना तेथील पाठ्यपुस्तकांचे इंग्रजी जड जाते, तेव्हा स्नायूंची आणि हाडांची नावे आधीपासून पाठ केलेली बरी.

यांखेरीज प्रत्येक खेळाच्या संघटनेच्या स्वतःच्या पायऱ्या असतात. फुटबॉलमध्ये 'डी' परवान्यापासून वर चढत जावे लागते. क्रिकेट, ॲथलेटिक्स आणि तिरंदाजीत पातळीनुसार अभ्यासक्रम असतात. नियम सतत बदलतात, त्यामुळे एकदा घेतलेले प्रमाणपत्र भिंतीवर टांगून पुढची वीस वर्षे काढता येत नाहीत.

नियमांची आणि स्पर्धेच्या पृष्ठभागाची माहिती किती महत्त्वाची असते, हे कराडजवळच्या गोळेश्वरने फार पूर्वी पाहिले आहे. तेथील खाशाबा जाधव लाल मातीत तयार झालेले मल्ल होते. १९४८ सालच्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्यांना मॅटवर, आंतरराष्ट्रीय नियमांनी लढावे लागले. तेथे रीस गार्डनर या अमेरिकी प्रशिक्षकाने त्यांना मार्गदर्शन केले आणि ते सहावे आले. चार वर्षांनी, १९५२ साली हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक जिंकले. त्यांचे बळ आणि डावांची चपळाई मातीतच कमावलेली होती, हे खरेच. पण त्या बळाला मॅटवरची भाषा कोणी तरी शिकवावी लागली. आजही आपल्या तालमीत उत्तम वस्ताद आहेत. त्यांच्याकडील कोणी शालेय स्पर्धेला पोरे नेणार असेल, तर गुण कशाला मिळतात आणि कशाला जातात, याची त्याला पंचाइतकी माहिती हवी.

शिक्षण पूर्ण होईपर्यंत थांबू नये. एखाद्या अनुभवी प्रशिक्षकाकडे किमान दोन हंगाम बिनपगारी म्हणावे असे साहाय्यक म्हणून राहावे: फक्की मारावी, अडथळे उचलावेत, वेळा लिहाव्यात, मुलांना तालुक्याच्या स्पर्धेला एस.टी.ने नेऊन आणावे. शालेय स्पर्धांची उतरंड तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशी असते, वयोगट १४, १७ आणि १९ वर्षांखालील असतात. ऑनलाइन नोंदणीची मुदत चुकली, तर वर्षभराची मेहनत वाया जाते. हे काम कोणत्याही पदविकेत शिकवत नाहीत.

आता ती चूक सांगतो. मी स्वतंत्रपणे काम सुरू केले त्या वर्षी माझ्याकडे तेरा वर्षांची एक मुलगी येत असे. मध्यम पल्ल्याची धावपटू, पाय हलके, दम भरपूर. आठवड्यातून दोनदा मी सगळ्यांना अजिंक्यताऱ्याच्या चढावर पळवत असे. एके दिवशी ती उतरताना मागे राहिली आणि गुडघा दुखतो म्हणाली. मी तो आळस समजलो, आणि "दुखणं धावून जातं" असे म्हणून पुढच्या आठवड्यातही तिला चढावर नेले. तीन आठवड्यांनी गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या हाडावर बोराएवढा उंचवटा दिसू लागला. तेथे बोट लावले तरी ती ओरडे. डॉक्टरांनी एका मिनिटात सांगितले की वाढीच्या वयात हाडाचा तो भाग कोवळा असतो, मांडीच्या मोठ्या स्नायूचा ताण वाटीखालच्या स्नायुबंधातून नेमका तेथेच येतो, आणि उड्या व चढ-उतार कमी करणे हाच पहिला इलाज असतो. तिचा तो हंगाम गेला. दुखणे गंभीर नव्हते, पण ऐकून घेतले असते तर ते इतके वाढलेच नसते.

त्या दिवसापासून मी दोन गोष्टी नेमाने करतो. दर तीन महिन्यांनी प्रत्येक मुलाची उंची भिंतीवर खूण करून मोजतो आणि उंची झपाट्याने वाढत असेल त्या काळात उड्यांचे व चढाचे काम कमी करतो. मुलींमध्ये हा काळ साधारण अकरा ते तेरा आणि मुलांमध्ये तेरा ते पंधरा या वयात येतो, त्यामुळे एकाच इयत्तेतील दोन मुलांना एकच भार देणे चुकीचे ठरू शकते. दुसरी गोष्ट म्हणजे, सराव सुरू करण्यापूर्वी प्रत्येकाला 'कुठे दुखते का' असे विचारतो आणि उत्तर वहीत लिहितो.

ही वही हे प्रशिक्षकाचे खरे हत्यार आहे, असे माझे मत आहे. स्टॉपवॉच तिच्यानंतर येते. एका साध्या नोंदीचे उदाहरण घेऊ. एक मुलगा दोनशे मीटरच्या सहा फेऱ्या, मध्ये दोन मिनिटांची विश्रांती घेऊन धावला. वेळा अशा आल्या: ३४, ३४, ३५, ३५, ३८, ४१ सेकंद. नवखा प्रशिक्षक शेवटच्या दोन वेळा पाहून ओरडतो. वही ठेवणारा पाहतो की चौथ्या फेरीपर्यंत मुलगा स्थिर होता, म्हणजे आज त्याचे काम चार फेऱ्यांचे होते. पाचव्या फेरीत त्याचे खांदे कानाकडे वर गेले होते आणि हात छातीपुढे आडवे फिरू लागले होते, हे शेजारी लिहिलेले असेल तर आणखी उत्तम, कारण बिघडलेल्या ढबीने धावलेल्या फेऱ्या ती ढबच पक्की करतात. मागचे पान उलटले की कळते, आदल्या रात्री तो गावच्या यात्रेत जागला होता. मग पुढच्या आठवड्यात चार फेऱ्या द्यायच्या, त्याच वेळा टिकल्या तर पाचवी वाढवायची. यात शास्त्र आहे, पण ते पुस्तकातून पोराच्या अंगावर उतरवायला वहीच लागते.

वर्षाची आखणी करताना आपल्या मुलखाचे पंचांग विसरू नये. जूनमध्ये मातीचे मैदान चिखल होते आणि शालेय स्पर्धा पावसाळा सरता सरता सुरू होतात. पायाभूत ताकद उन्हाळ्याच्या सुट्टीत बांधावी लागते, पण मे महिन्यात नऊ वाजल्यानंतर मैदानावर कोणालाही ठेवू नये. गाळप हंगामात पहाटेच्या अंधारात रस्त्यावर पळवणे मी पूर्ण बंद केले आहे. उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांना मागे दिवा असेलच याचा भरवसा नसतो.

स्पर्धेच्या दिवशी प्रशिक्षकाचे काम बदलते. तेथे शिकवायचे काही नसते, निर्णय घ्यायचे असतात. सांगलीचा वेटलिफ्टर संकेत सरगर याने २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात एकूण २४८ किलो वजन उचलून रौप्यपदक मिळवले. सुवर्ण एका किलोने हुकले. १३९ किलोच्या प्रयत्नात त्याचे कोपर दुखावले होते. वेटलिफ्टिंगमध्ये स्नॅच आणि क्लीन अँड जर्क या दोन्ही प्रकारांत प्रत्येकी तीनच प्रयत्न असतात आणि दोन्हींतील सर्वोत्तम वजनांची बेरीज धरतात. पुढचे वजन किती सांगायचे, प्रतिस्पर्ध्याने किती मागितले आहे, दुखावलेल्या खेळाडूला पुन्हा मंचावर पाठवायचे का, हे प्रश्न तेथे घड्याळाच्या काट्यावर सुटावे लागतात. ज्याचे डोके अशा वेळी तापते, त्याने आधी लहान स्पर्धांत स्वतःला पारखावे. मैदानाबाहेरून आरडाओरडा करणारा प्रशिक्षक मुलांना सूचना देत नसतो, स्वतःची भीती देत असतो.

मुलाचा खेळ बदलण्याची तयारी हा गुण दुर्मीळ आहे, कारण त्यात आपला खेळाडू हातचा जातो. फलटण तालुक्यातील सरडे या गावचा प्रवीण जाधव जिल्हा परिषदेच्या शाळेत असताना शिक्षकांच्या आग्रहाने आधी धावण्याकडे वळला होता. पुढे तो तिरंदाज झाला आणि टोकियो ऑलिंपिकला गेला. ज्या शिक्षकाला मुलगा मोठा व्हावा असे वाटते, तो त्याला दुसऱ्याच्या हाती सोपवू शकतो. मोठे मैदान नसले म्हणून अडतेच असेही नाही. तिरंदाजी प्रशिक्षक प्रवीण सावंत यांच्याकडे साताऱ्यात सराव करणारे अदिती स्वामी आणि ओजस देवतळे हे दोघेही २०२३ साली बर्लिनमध्ये जगज्जेते झाले.

तीन बाबतींत मात्र सवलत नाही. प्रथमोपचाराचे प्रशिक्षण घेतल्याशिवाय मुले ताब्यात घेऊ नयेत. हृदय बंद पडलेल्या मोठ्या माणसाच्या छातीवर मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब द्यायचा असतो आणि ३० दाबांनंतर दोन श्वास, हे बाहुलीवर करून पाहिल्याशिवाय हाताला येत नाही. दुसरी बाब उत्तेजकांची. जागतिक बंदीयादी दर वर्षी १ जानेवारीला नव्याने लागू होते. जिममध्ये मिळणारी पावडर किंवा सर्दीची गोळीसुद्धा खेळाडूला अडचणीत आणू शकते. भाकरी, मटकी, अंडी, दूध, शेंगदाणे आणि गूळ यांवर शालेय खेळाडूचे उत्तम भागते, आणि वजनगटात बसवण्यासाठी पोरांना उपाशी ठेवणाऱ्या माणसाला तालमीतून बाहेर काढावे. तिसरी बाब मुलांच्या सुरक्षिततेची. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती असलेल्या कोणाही व्यक्तीला ती पोलिसांना कळवावीच लागते. 'मंडळाची बदनामी होईल' हे कारण चालत नाही. मुलींच्या संघासोबत प्रवासाला स्त्री व्यवस्थापक असावी, एकट्या मुलाला किंवा मुलीला खोलीवर बोलावू नये, आणि तंत्र दुरुस्त करताना हात लावावा लागणार असेल तर आधी विचारावे.

पैशाविषयी थोडक्यात सांगतो. पहिली काही वर्षे केवळ प्रशिक्षणावर घर चालेल असे धरू नये. शुल्क घ्यावे, पावती द्यावी, आणि ज्याला परवडत नाही त्याचे माफ केले तर ते चारचौघांत बोलू नये. पालक नोकरीतील पाच टक्के खेळाडू आरक्षणाविषयी आणि दहावी-बारावीच्या सवलतीच्या गुणांविषयी विचारतील. नियम माहीत करून घेऊन खरे तेच सांगावे, पदकाची हमी कधीही देऊ नये.

हे सारे वाचूनही उत्साह टिकला असेल, तर प्रवेशअर्ज भरण्याआधी एक काम करून पाहावे. सलग सात दिवस एखाद्या मैदानाच्या कडेला, तेथील प्रशिक्षकाची परवानगी घेऊन, शिट्टीविना बसावे आणि एकाच मुलावर नजर ठेवावी: तो कोणत्या पायावर उतरतो, कितव्या मिनिटाला बोलायचा थांबतो, चुकल्यावर कोणाकडे पाहतो. रोज एक पान लिहावे. सातव्या दिवशी ती पाने त्या प्रशिक्षकाला दाखवावीत आणि त्याच आठवड्यात त्याच मुलाबद्दल त्याने काय टिपले होते, ते विचारावे.